काचघराशिवाय झुकिनी आणि भोपळे: इंग्लंडच्या हवेत बियांपासून लागवड

परसदार (रेडिंग)

एप्रिल लागला की इथल्या मराठी गटांवर एकच प्रश्न फिरायला लागतो. ग्रीनहाऊस नाही, मग कोर्जेट (म्हणजे आपली झुकिनी) आणि भोपळे लावावेत की नाही? उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली असतात, म्हणून हा धागा काढते आहे. मी दक्षिण इंग्लंडात राहते. घरामागे छोटी बाग आणि अलॉटमेंटवर (भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जागेवर) अर्धा प्लॉट. ग्रीनहाऊस माझ्याकडे नाही आणि या पिकांसाठी ते लागतंच असं मला अजिबात वाटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: लवकर पेरू नका. ग्रीनहाऊसवाले मार्चअखेरीस पेरतात ते बघून हात शिवशिवतात, पण त्यांच्याकडे वाढत्या रोपाला ठेवायला उजेड आणि ऊब दोन्ही असतात. आपल्याकडे असते खिडकी. मार्चमध्ये खिडकीत पेरलेलं रोप मेपर्यंत कुंडीत अडकतं, मुळं गोल गोल फिरतात, खालची पानं पिवळी पडतात. तेच मेच्या पहिल्या आठवड्यात पेरलेलं रोप एकदा जूनच्या मातीत गेलं की आधीच्याला गाठतं आणि पुढे निघून जातं. झुकिनीची वाढ इतकी जोरात असते की उशीर भरून निघतो. गारठा बसलेलं रोप मात्र महिनाभर तसंच उभं राहतं.

बी रुजायला मातीचं तापमान साधारण २० ते २५ अंश सेल्सियस हवं. १५ च्या खाली बी फुगतं आणि मोड यायच्या आत सडतं. बाहेर लावलेल्या रोपावर एक रात्र फ्रॉस्ट (गोठलेलं दव) पडला तर सकाळी पानं काळी. दक्षिणेत शेवटचा फ्रॉस्ट बहुधा मेच्या मध्यापर्यंत होऊन जातो, उत्तरेत मेअखेरपर्यंत आणि स्कॉटलंडात जूनच्या सुरुवातीपर्यंत धास्ती असते. पेरल्यापासून बाहेर लावण्याजोगं रोप व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. आपल्या गावची तारीख धरून तेवढे आठवडे मागे मोजायचे. दक्षिणेत हे गणित एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य असं येतं.

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलभाज्यांचं बी टोचायची रीत आहे. तिथे ती पुढे येणाऱ्या पावसाच्या हिशेबाने असते, पण २०२४ मध्ये ती १० मे रोजी होती आणि २०२५ मध्ये ३० एप्रिलला, म्हणजे इथल्या वेळापत्रकात तंतोतंत बसणारी. मी तोच मुहूर्त धरते.

पेरायची रीत सोपी आहे. ८-९ सेंटीमीटरची कुंडी किंवा बुडाला भोकं पाडलेला दह्याचा डबा, बियांसाठीचं कंपोस्ट, आणि बी वरून दोन सेंटीमीटर खोल. पाणी एकदाच नीट घालायचं, मग मोड दिसेपर्यंत कंपोस्ट नुसतं ओलसर ठेवायचं. कुंडी बॉयलरच्या कपाटात किंवा फ्रिजच्या माथ्यावर ठेवली तरी चालते, कारण उगवेपर्यंत उजेड लागत नाही. पण माती जरा उचललेली दिसली की त्याच दिवशी खिडकीत! एक दिवस अंधारात राहिलं तरी रोप बोटभर लांब आणि लुळं होतं.

बी उगवताना जरूर जवळून बघा. अंकुराच्या बुडाशी एक बारीक खुंटी फुटते. ती टरफलाची खालची फाक मातीत दाबून धरते, वर वाकलेला कोंब ताठ व्हायला लागतो आणि दोन्ही दलं (बीतली पहिली जाड पानं) टरफलातून ओढून बाहेर काढतो. डार्विनने १८८० मध्ये या खुंटीचं वर्णन करून ठेवलं आहे. बी फार वरवर पेरलं किंवा वरची माती सुकली तर खुंटीला जोर मिळत नाही आणि रोप डोक्यावर टरफल घेऊनच वर येतं. अशा वेळी ते ओढू नका. पाण्याचा थेंब सोडा, तासाभराने नखाने हळूच सुटतं.

तिसरं खरं पान दिसलं की बाहेरच्या हवेची सवय लावायची. आठ-दहा दिवस तरी. पहिल्या दिवशी आडोशाला दोन तास, मग वेळ वाढवत न्यायची आणि रात्री आत आणायचं. उन्हापेक्षा वारा जास्त मारतो. शेवटच्या दोन-तीन रात्री फ्लीस (रोपांवर घालायचं हलकं कापड) पांघरून बाहेरच ठेवा.

लावताना झुकिनीला ९० सेंटीमीटर अंतर, पसरणाऱ्या भोपळ्याला सव्वा ते दीड मीटर. खड्ड्यात बादलीभर कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, वर थोडा उंचवटा, भोवती पाण्यासाठी आळं. पहिले दोन आठवडे पाच लिटरच्या पाण्याच्या बाटलीचं बूड कापून ती रोपावर उपडी ठेवते. दिवसा झाकण काढायचं, संध्याकाळी लावायचं. आपलं ग्रीनहाऊस ते एवढंच.

दोन_खोल्या (लीड्स)

परसदारताई, छान लिहिलंय. माझा प्रश्न उजेडाचा आहे. फ्लॅटची मोठी खिडकी पूर्वेला, सकाळचे तीन-चार तास ऊन. रोपं काचेकडे झुकतात आणि देठ दोऱ्यासारखे होतात. आणि बाग नाही, फक्त बाल्कनी. कुंडीत जमेल का?

परसदार (रेडिंग)

जमेल. रोपांच्या मागे, खोलीच्या बाजूला, पुठ्ठ्यावर अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून उभं करा. उजेड परतून येतो आणि झुकणं बरंच कमी होतं. कुंडी रोज अर्धी फिरवा. खिडकीखाली रेडिएटर असेल तर उगवल्यावर तिथून हलवा, कारण ऊब जास्त आणि उजेड कमी असं झालं की रोप लांबतंच. उगवल्यानंतर १६-१८ अंश पुरे होतात. लांबलेलं रोप बाहेर लावताना दलांपर्यंत मातीत बसवता येतं, पण माती भुसभुशीत हवी.

बाल्कनीत झुडपासारखी वाढणारी झुकिनीच लावा, वेलाचा भोपळा नको. एका रोपाला किमान ३० लिटरची कुंडी, आणि उन्हाळ्यात रोज पाणी. फळं धरायला लागली की आठवड्यातून एकदा टोमॅटोचं पातळ खत.

थेट_आळ्यात (केंट)

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. कुंडीच्या भानगडीत कशाला पडायचं? मेच्या शेवटच्या आठवड्यात आळ्यात दोन-तीन बिया टोचायच्या, वर काचेची बरणी उपडी घालायची, दोन आठवड्यांनी बरणी काढून सगळ्यात जोमदार रोप ठेवायचं. या वर्गाला मुळं हलवलेली आवडत नाहीत. जागेवर रुजलेल्या वेलाचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि जुलैच्या कोरड्यात तो टिकतो. फळ आठ-दहा दिवस उशिरा मिळेल, बिघडलं काय?

आणखी एक शंका. बी उभं, कडेवर लावायचं असं सगळे सांगतात. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाही.

परसदार (रेडिंग)

दादा, माती हलकी आणि उबदार असेल तर तुमची पद्धत उत्तमच. केंटमध्ये ती चालते यात नवल नाही. आमच्याकडे चिकणमाती आहे, मेअखेरीसही हाताला गार लागते. शिवाय कोवळी दलं म्हणजे गोगलगाईंची मेजवानी. कुंडीतून तीन-चार पानांचं रोप लावलं की देठावर खरखरीत लव आलेली असते आणि गोगलगाई त्याला सहसा सोडून देतात. मुळं दुखावू नयेत म्हणून वर्तमानपत्राच्या कुंड्या करा आणि रोप कुंडीसकट लावा. कागदाची कड मातीच्या वर ठेवू नका, नाहीतर ती वातीसारखी ओल शोषून हवेत सोडते.

बी उभं लावण्यामागे विचार असा की आडव्या बीवर पाणी साचून ते सडतं. प्रत्यक्षात पाणी कमी आणि ऊब पुरेशी असेल तर आडवंही तितकंच उगवतं. सडण्याचं कारण गारठ्यात ओतलेलं पाणी असतं. म्हणून मुद्दामच लिहिलं नव्हतं.

सातारी_माती (कराड)

तुमचा धागा वाचून मजा वाटली, आमच्याकडे सगळं उलटं! आम्ही झुकिनी लावतो ती थंडीची, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. रोपं कोकोपीटच्या ट्रेमध्ये, साध्या शेडनेटखाली. पॉलीहाऊस आमच्याकडेही नाही. मार्चनंतर पारा ३५ च्या वर गेला की वेलावर नरफुलांचाच भरणा होतो, मादीफूल शोधावं लागतं. लाल भुंगे दलं चाळणीसारखी करतात आणि पांढऱ्या माशीबरोबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग येतो. रोप लहान असताना बारीक जाळी किंवा क्रॉप कव्हर टाकलं तर पुष्कळ वाचतं. फुलं आली की मधमाशीसाठी ते काढावं लागतं. तुमचं फ्लीस थंडीसाठी, आमचं किडीसाठी.

सोफीची_वाट (श्टुटगार्ट)

इथे जर्मनीत ११ ते १५ मे या पाच दिवसांना 'आइसहायलिगे' म्हणतात, हिमसंतांचे दिवस. शेवटची 'थंड सोफी', १५ मे. माझ्या शेजारच्या आजी त्याआधी एकही झुकिनी बाहेर लावू देत नाहीत. अंदाज कितीही चांगला असो, सोफी जाऊ दे म्हणतात. मीही रोपं १६ तारखेनंतरच बाहेर काढते.

दोन_खोल्या (लीड्स)

गोगलगाईंवर ठाम काहीतरी सांगा ना कोणी. अंड्याची टरफलं, कॉफीचा चोथा, तांब्याची पट्टी... प्रत्येक जण वेगळं सांगतो.

थेट_आळ्यात (केंट)

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसवर याची परीक्षा घेतली होती. तांब्याची पट्टी, खडी, सालीचा चुरा, लोकरीच्या गोळ्या, अंड्याची टरफलं. काहीही न टाकलेल्या रोपांच्या तुलनेत फरक दिसला नाही. पूर्वी सर्रास मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांवर २०२२ च्या वसंतापासून ग्रेट ब्रिटनमध्ये बंदी आहे. जुना डबा शेडमध्ये पडला असेल तर वापरू नका, कौन्सिलच्या घातक कचऱ्यात द्या. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, पण चिमूटभरच.

माझा भरवसा दोन गोष्टींवर. सूत्रकृमी, म्हणजे गोगलगाईंना मारणारे सूक्ष्म जीव (नेमॅटोड), पाण्यात मिसळून मातीत घालायचे. माती ५ अंशांच्या वर आणि ओली हवी, आणि रोपं लावायच्या थोडं आधी. दुसरं, पावसानंतर रात्री टॉर्च घेऊन वेचणं. पहिले पंधरा दिवस हे केलं की पुढे वेल आपला आपण सांभाळतो.

निळी_शाई (बर्मिंगहॅम)

रोपं मस्त वाढली, फुलं आली, पण बोटाएवढी झुकिनी टोकाकडून पिवळी होऊन कुजते. पाणी जास्त होतंय का?

परसदार (रेडिंग)

बहुतेक परागीकरण झालेलं नाही. सुरुवातीला नरफुलं येतात, मागून मादीफुलं. मादीफुलाच्या मागे इवलीशी झुकिनी असते, नराला नुसता बारीक देठ. जूनमध्ये गार आणि पावसाळी हवा असेल तर मधमाश्या फिरकत नाहीत आणि ती इवली झुकिनी टोकाकडून सडते. सकाळी फूल उघडं असतानाच नरफूल तोडा, पाकळ्या मागे सोला आणि मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या आत हळूच फिरवा. दुपारी फूल मिटतं, मग उपयोग नाही. कुजलेलं फळ लगेच काढून टाका, बुरशी देठात शिरते.

दरवर्षी हा त्रास होत असेल तर 'पार्थेनॉन' किंवा 'काविली' लावून बघा. या वाणांना परागाशिवाय फळ धरतं. 'डिफेंडर' हा जुना भरवशाचा वाण, काकडीच्या मोझॅकला दाद देत नाही.

उरलेल्या नरफुलांची भजी करा. बेसनात थोडं तांदळाचं पीठ आणि ओवा. आत मुंगी बसलेली नाही ना, तेवढं बघा.

घरचं_बी (लेस्टर)

मी गेल्या वर्षीच्या झुकिनीचं बी ठेवलंय. शिवाय दुकानातून आणलेल्या लाल भोपळ्याचंही. लावू का?

परसदार (रेडिंग)

इथे मी जरा कडक बोलणार आहे. झुकिनीचं घरचं बी लावू नका, निदान फुलं बांधून हातानं पराग दिलेला नसेल तर. झुकिनी, पॅटीपॅन (चपटी, झालरीच्या कडेची झुकिनी) आणि हॅलोविनचे बरेचसे शोभेचे भोपळे एकाच जातीचे, कुकुर्बिटा पेपो. मधमाशी शेजारच्या प्लॉटवरच्या शोभेच्या भोपळ्यावरून तुमच्या झुकिनीवर येते. त्या वर्षीच्या फळाला काही होत नाही, पण त्यातल्या बीमध्ये संकर उतरतो. पुढच्या वर्षी त्या बीच्या वेलाला कडू फळं येऊ शकतात. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा. शिजवून जात नाही.

२०१५ मध्ये जर्मनीत हायडेनहाइमला घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. आपल्याकडेही कडू दुधीच्या रसाबद्दल भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने इशारा दिलेला आहे. चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि सगळं फळ कंपोस्टात टाका. मसाला घालून चव मारायची नाही आणि 'वाया जातंय' म्हणून खायचं नाही.

लाल भोपळ्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडचा बहुतेक भोपळा कुकुर्बिटा मोश्चाटा जातीचा, बटरनट या भोपळ्याचा सख्खा. कडू निघायची भीती कमी, पण त्याला लांब आणि गरम हंगाम लागतो. इथे वेल कुंपणभर पसरतो आणि सप्टेंबरात हिरवं पोरकं फळ हाती येतं. त्याऐवजी बटरनटमध्ये 'हंटर' घ्या, तो इथल्या छोट्या उन्हाळ्यासाठीच काढलेला आहे. किंवा 'उचिकी कुरी', दीड किलोच्या आसपासची केशरी फळं. घारग्यांना सुंदर.

पूर्वकिनारा (न्यू जर्सी)

आमच्याकडे गोगलगाईंपेक्षा मोठा शत्रू म्हणजे व्हाइन बोअरर. जूनअखेर-जुलैत पतंग देठाच्या बुडाशी अंडी घालतो, अळी आतून पोखरते, आणि काल टवटवीत असलेली झुकिनी आज दुपारी मान टाकते. बुडाशी भुशासारखी विष्ठा दिसली की समजायचं. मोश्चाटाचे देठ भरीव असतात म्हणून बटरनट आणि 'ट्रोम्बोन्चिनो' बरेच टिकतात. झुकिनीसाठी मी आता दुसरी पेरणी जुलैच्या सुरुवातीला करतो, पतंगाचा जोर ओसरल्यावर तिला फळ येतं. ब्रिटनवाले यातून सुटलेत!

निळी_शाई (बर्मिंगहॅम)

ताई, हाताने पराग दिल्यावर फळं धरायला लागली, मनापासून आभार. आता पानांवर पांढरी पावडर.

परसदार (रेडिंग)

भुरी. ऑगस्टमध्ये जवळजवळ सगळ्यांकडे येते. वर हवा दमट आणि मुळाशी कोरडं असं झालं की ती फोफावते, म्हणून आठवड्यातून दोनदा बुडाशी भरपूर पाणी आणि वर गवताचं आच्छादन. फार खराब झालेली खालची पानं देठासकट कापा. ब्राझीलमध्ये झुकिनीवरच झालेला, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात पाण्यात पातळ केलेल्या दुधाच्या फवाऱ्याने भुरी आटोक्यात आली होती. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, उन्हाच्या दिवशी सकाळी. नवीन पानांवर उपयोग होतो, पांढरं झालेलं पान परत हिरवं होत नाही.

आणि फळं तोडत राहा. वीतभर झाली की काढायची, दर दोन-तीन दिवसांनी. एक मोठी होऊ दिली की वेल सगळी ताकद बी पिकवण्यात घालतो आणि नवीन फुलं थांबतात. चुकून दांडग्या झालेल्या झुकिनीची साल आणि बिया काढून किसली की थालीपिठात दुधीसारखीच लागते.

उत्तर_वारा (एडिनबरा)

सगळा धागा वाचला. आमच्याकडे मात्र जूनमध्येही रात्री ७-८ अंश. भोपळा शक्य आहे का की झुकिनीवरच समाधान मानू?

परसदार (रेडिंग)

झुकिनी नक्की, भोपळा जागा नीट निवडली तर. पेरणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आत, लावणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत जागा द्या. दिवसा तापलेली वीट रात्री ऊब सोडते, तिथला फरक हाताला कळतो. लावायच्या आधी दोन आठवडे मातीवर काळं प्लॅस्टिक अंथरा, मग त्यालाच छेद देऊन रोप लावा. रात्री फ्लीस, पहिलं मादीफूल उघडेपर्यंत.

वाण 'उचिकी कुरी'च घ्या, मोठ्या फळांच्या नादी लागू नका. एका वेलावर दोन फळं ठेवा, ती मुठीएवढी झाली की पुढची दोन पानं सोडून शेंडा खुडा. ऑगस्टच्या मध्यानंतर धरलेलं फळ पिकत नाही, ते कोवळंच तोडून झुकिनीसारखं वापरा. फळाखाली कौलाचा तुकडा किंवा सुकं गवत ठेवा. सप्टेंबरअखेर, फ्रॉस्टच्या आधी, देठ चांगला बोटभर ठेवून काढा आणि आठ-दहा दिवस घरातल्या सगळ्यात उबदार खिडकीत ठेवा म्हणजे साल टणक होते. नंतर १०-१५ अंशांच्या कोरड्या खोलीत. देठाला धरून उचलू नका, तो तुटला की तिथूनच कुजायला लागतं.

उत्तर_वारा (एडिनबरा)

घराच्या मागची भिंत दक्षिणेलाच आहे. बी आजच मागवतो. काळं प्लॅस्टिक मेअखेरीस टाकेन आणि लावणी झाली की फोटो इथे टाकतो.